एकास दोनशे दहा

गर्भजल चाचणी म्हटलं की आमच्या जळगावात आजही बायका आवाज खाली आणतात. त्याला कारण आहे. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या. 2001 मध्ये 880 होत्या.

पण ही चाचणी मुलगा की मुलगी हे बघण्यासाठी आलीच नव्हती. 1866 मध्ये इंग्लंडच्या जॉन लँग्डन डाउन यांनी ज्या मुलांचं वर्णन केलं, त्यांच्या पेशींत 21 नंबरची गुणसूत्रं दोनऐवजी तीन असतात, हे 1959 मध्ये फ्रान्समध्ये कळलं. 1966 मध्ये गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं मोजता आली. 1975 च्या सुमारास हे तंत्र दिल्लीच्या एम्समध्ये आलं, तेही आनुवंशिक दोष शोधायला. फक्त गुणसूत्रं मोजताना एक्स आणि वायसुद्धा दिसतात. पुढचं सांगायला नको. 1978 मध्ये केंद्राने सरकारी संस्थांत लिंगनिदान थांबवलं, तर धंदा खासगी दवाखान्यांत गेला. मुंबईतल्या स्त्रीसंघटना आणि काही डॉक्टर मागे लागले, आणि 1988 मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा, लागू झाला 1996 मध्ये. या कायद्यांनी सुई बंद केली नाही. गुणसूत्रांच्या दोषासाठी ती चालू ठेवली, लिंग सांगणं तेवढं गुन्हा केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर फीचर ठेवलं, एक आउटपुट बंद केलं. मला हे डिझाइन आवडतं.

गेल्या वर्षी धुळ्याच्या वहिनीचा डबल मार्करचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला. 'हाय रिस्क', 1:210. काकूंचा लगेच फोन: "हाई काय शे भाऊ?" घरात रडारड सुरू झाली होती.

1:210 म्हणजे असा आकडा आलेल्या 210 बायकांपैकी 209 जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. बहुतेक लॅब 1:250 ला रेघ मारतात, वहिनी रेघेच्या अलीकडे पडली, इतकंच. हिशोब करून बघा. दहा हजार गरोदर बायकांत, 700 मागे एक धरलं, तर साधारण 14 बाळांना डाउन सिंड्रोम असेल. रक्त आणि सोनोग्राफी मिळून केलेली चांगली चाचणी त्यातली 12 पकडते, आणि सोबत पाच टक्के म्हणजे जवळपास 500 निरोगी बाळांच्या आयांनाही घाबरवते. ही चाळणी आहे, निदान नाही. निदान गर्भजलाने होतं, आणि त्यात गर्भपाताचा धोका थोडा का होईना असतोच. लाल अक्षरं छापणाऱ्या लॅबने हे चार ओळींत खाली लिहायला काय हरकत आहे?

काकूंचा दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात आला: "त्यात बाकी काही दिसतं का?" 'बाकी' म्हणजे काय ते मला कळलं. नाही म्हटलं.

उशीर मात्र महागात पडतो. गर्भजल काढतात साधारण पंधराव्या-सोळाव्या आठवड्यानंतर, पेशी वाढवून निकाल यायला आणखी दोन-तीन आठवडे. 1971 च्या कायद्याची मर्यादा होती वीस आठवडे. 28 फेब्रुवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका 37 वर्षांच्या बाईला गर्भपाताची परवानगी नाकारली. बाळाला डाउन सिंड्रोम होता आणि सव्विसावा आठवडा चालू होता. 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर 24 आठवड्यांपुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. डाउन सिंड्रोम 'गंभीर' धरायचा का, यावर त्या मुलांचे आईवडील काय म्हणतात तेही ऐकायला हवं. त्यातली बरीच मुलं शाळेत जातात, काही नोकरी करतात.

वहिनीने सुई टाळून दुसरी रक्तचाचणी केली. आईच्या रक्तात बाळाचा डीएनए फिरत असतो, हे 1997 मध्ये डेनिस लो यांनी दाखवलं, त्यावर ही चाचणी चालते. महाग आहे, आणि तीसुद्धा चाळणीच. रिपोर्टमध्ये तीन ओळी होत्या: 21, 18, 13. तिन्हींपुढे 'लो रिस्क'. काकूंनी पीडीएफ खाली सरकवून पाहिली, पुढे लॅबचा पत्ता होता.