एटीकेटी : न कळलेल्या परवानगीची गोष्ट

गेल्या जूनमध्ये भाचीने बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. कॉलेजने दिलेल्या कागदाचा फोटो काढून तिने मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामू, यातलं मला काही म्हणजे काहीच कळत नाही.’ कागदावर शब्दांची रांग होती. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, एसईसी, एईसी, व्हीईसी, क्रेडिट, एबीसी आयडी.

‘सोपं आहे, कळेल हळूहळू,’ असं उत्तर मी टाइप केलं आणि पुसलं. कारण हळूहळू कळण्याची किंमत आमच्या घराने एकदा मोजली आहे.

ही गोष्ट १९९५ची. माझी आपा बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजात गेलेली ती पहिलीच. निकाल लागला. सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. गुणपत्रकावर शेरा होता, ‘ए.टी.के.टी.’ अब्बांनी तो कागद गल्लीतल्या दोन जाणत्या माणसांना दाखवला. एकजण म्हणाला, नापास आहे. दुसरा म्हणाला, नापासच, पण वेगळ्या नावाने. कॉलेजच्या खिडकीवर विचारलं तर आतल्या माणसाने मान वर न करता ‘एटीकेटी आहे’ एवढंच सांगितलं. जे कागदावर होतं, तेच. अब्बा घरी आले आणि म्हणाले, ‘बस हो गया, बेटी.’ पुढच्या वर्षी आपाचं लग्न झालं.

चार वर्षांनी मी औरंगाबादला शिकायला आलो, तेव्हा त्या चार अक्षरांचा अर्थ कळला. ‘अलाउड टू कीप टर्म्स.’ म्हणजे राहिलेला विषय पुन्हा द्या, पण पुढच्या वर्गात बसायला परवानगी आहे. शेऱ्याचा पहिलाच शब्द परवानगीचा होता. आम्ही तो मनाईहुकूम म्हणून वाचला.

हे ‘टर्म कीप करणं’ काय प्रकार आहे, हा शोध मी पुढे बरीच वर्षं घेत राहिलो. त्याचं मूळ लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या जुन्या संस्थांमध्ये सापडतं. तिथे टर्म भरली की नाही, हे विद्यार्थ्याने संस्थेच्या भोजनगृहात किती वेळा जेवण घेतलं यावरून ठरायचं. ठरलेली जेवणं झाली की टर्म भरली. मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले, त्यांनीही अशाच टर्म्स भरल्या. गांधीजींनी आत्मकथेत या जेवणांविषयी गमतीने लिहिलं आहे. ते दारू पीत नसल्यामुळे त्यांच्या वाट्याची इतरांना मिळायची, म्हणून आपल्या टेबलावर त्यांनी बसावं यासाठी चढाओढ असायची.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठ परीक्षा घेणार आणि कॉलेजं शिकवणार, अशी ती रचना. मग मुलगा खरोखर कॉलेजात बसला होता, हे विद्यापीठाला कळणार कसं? त्यासाठी कॉलेजचा दाखला. ‘टर्म ग्रँट झाली’ हे वाक्य आजही आपल्या कॉलेजांत ऐकू येतं ते इथून. जेवणाची जागा हजेरीने घेतली, एवढाच फरक.

आपल्याकडचे शब्दही काही कमी मजेशीर नाहीत. ‘दाखला’ हा अरबीतून आलेला शब्द. उर्दूत दाखला म्हणजे प्रवेश. मराठीत मात्र ‘शाळा सोडल्याचा दाखला’. एका भाषेत आत जाण्याचा कागद, दुसऱ्या भाषेत बाहेर पडण्याचा. ‘सनद’चंही तसंच. मराठीत वकिलाला सनद मिळते. मदरशांच्या परंपरेत सनद म्हणजे उस्तादांची साखळी. मी हे अमुक गुरूंकडून शिकलो, ते तमुक गुरूंकडून शिकले. त्या परंपरेत संस्थेपेक्षा उस्तादाला महत्त्व होतं. शागिर्दाने ग्रंथ पुरा केला की उस्ताद त्याला लिहून द्यायचे, आता हा ग्रंथ तू पुढे शिकवू शकतोस. त्या लेखी मान्यतेला म्हणत ‘इजाजा’. इजाजा म्हणजे परवानगी. युरोपातल्या विद्यापीठांचा अध्यापन-परवाना याच प्रथेवरून आला, असं मत इतिहासकार जॉर्ज मकदिसी यांनी मांडलं. ते सगळ्यांना मान्य नाही. पण शिक्षणातला मोठा टप्पा ‘परवानगी’ या शब्दाने नोंदवायचा, ही रीत दोन्हीकडे दिसते.

मराठवाड्याला तर स्वतःच्या भाषेतल्या विद्यापीठाचा अनुभव आहे. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूत शिकवत. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ हा खास अनुवाद विभाग होता. औरंगाबादचं कॉलेज उस्मानियाशी जोडलेलं होतं आणि बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. आमच्या गल्लीत त्या काळचे एक निवृत्त मास्तर राहत. ते अभ्यासक्रमाला ‘निसाब’ म्हणत आणि विभागाला ‘शोबा’. १९४८ नंतर उस्मानियाचं माध्यम बदललं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. मास्तरांना निसाब कळायचा, एटीकेटी नाही. अब्बांनी कागद दाखवलेल्या दोघांपैकी एक तेच होते. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला आजही आदर आहे. काळाबरोबर शब्द बदलले, एवढंच.

आता भाचीच्या कागदाकडे येतो. त्यातले बरेच शब्द अमेरिकेहून आलेले आहेत आणि त्यामागे चक्क पेन्शनची कहाणी आहे. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी १ कोटी डॉलर दिले. पेन्शन कोणत्या कॉलेजला द्यायची? मुळात कॉलेज कशाला म्हणायचं? त्यांच्या संस्थेने अट घातली की प्रवेश घेणाऱ्या मुलाने शाळेत किमान १४ ‘युनिट’ केलेले असावेत. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात सुमारे १२० तास. शिक्षण तासांत मोजायची सवय तिथे पक्की झाली. आजचं क्रेडिट त्याच घराण्यातलं. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभर आठवड्याला एक तास शिकवणं, म्हणजे साधारण १५ तास. प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट. थोडक्यात, क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. ते गुण नव्हेत.

हे वजन कळलं नाही तर काय होतं, ते भाचीला मी असं समजावलं. चार क्रेडिटच्या विषयात तुला ८ ग्रेड पॉइंट मिळाले आणि दोन क्रेडिटच्या विषयात ५. चार गुणिले आठ ३२, दोन गुणिले पाच १०. बेरीज ४२. भागिले सहा. तुझा एसजीपीए ७. सगळ्या सेमिस्टरचा असाच हिशोब केला की सीजीपीए. म्हणजे मोठ्या वजनाच्या विषयाकडे आधी बघायचं.

मेजर म्हणजे मुख्य विषय, ज्यात पदवी मिळणार. मायनर म्हणजे जोडविषय. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा, आवडीने निवडायचा विषय. याला कमी लेखू नकोस, असं मी तिला मुद्दाम सांगितलं. विषय निवडण्याची ही मुभा अमेरिकेत हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ नंतर रुजवली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पण ते गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गातही बसले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला, तो याच वर्गात. ज्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे, तिथल्या मुलांनी तरी बाहेरचा विषय केवळ ‘सोपा आहे’ म्हणून घेऊ नये.

एबीसी म्हणजे क्रेडिटची बँक. २०२१ मध्ये ती सुरू झाली. मिळवलेली क्रेडिट्स तिथे तुझ्या नावावर जमा राहतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या पदवीला १६०. मध्येच शिक्षण थांबलं तर नियमांत बसेल तसं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा मिळतो आणि पुढे परत येण्याची वाट उघडी राहते. हे समजावताना मी क्षणभर थांबलो. १९९५ मध्ये आपाचं एक वर्ष असं कुठे जमा झालं असतं तर?

ज्यांच्या घरात आधीच चार पदवीधर असतात, त्यांना हे शब्द जेवताना फुकट कळतात. ज्यांच्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजात जातं, त्यांच्यासाठी ते परक्या गावच्या पाट्यांसारखे असतात. मुस्लिम वस्त्यांत, भटक्यांच्या पालांवर, ऊसतोड कामगारांच्या घरांत अशी पहिली मुलं आज मोठ्या संख्येने आहेत. आपण त्यांच्या फीसाठी वर्गणी काढतो, सत्कारही करतो. त्यांच्या गुणपत्रकावरचा शेरा वाचून दाखवायला मात्र कुणी बसत नाही. निकालाच्या आठवड्यात मोहल्ल्याच्या वाचनालयात दोन शिकलेली माणसं टेबल टाकून बसली, तरी पुष्कळ वर्षं वाचतील. नियम विद्यापीठागणिक बदलतात, म्हणून अंदाज सांगू नये. नियमांचं पत्रक काढून वाचावं आणि कॉलेजकडून उत्तर लेखी मागावं.

एटीकेटीचा अर्थ मी आपाला पहिल्यांदा सांगितला, तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, ‘म्हणजे मला पुढं जा म्हणाले होते?’

मी हो म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही.

या जूनमध्ये भाचीच्या अर्जावर पालकाची सही आपाने केली. सही करण्याआधी तिने लेकीला समोर बसवलं आणि कागदावरच्या एकेका शब्दाचा अर्थ विचारला. ‘व्हीईसी’वर दोघी अडल्या. रात्री साडेदहाला मला फोन आला.