डर्बीशायरच्या शेतकऱ्याची रिब

टी-शर्टचा गळा चार-सहा धुण्यांत सैल पडला की गिऱ्हाईक शिवणाऱ्याला बोल लावतं आणि शिवणारा सुताला. बहुतेक वेळा दोष दोघांनाही न दिसणाऱ्या जागी असतो. गळ्याची पट्टी, हाताचा कफ, झबल्याची किनार ज्या कापडाची असते, त्या रिबचा जीव सुतात कमी आणि विणीत जास्त असतो. मी डोंबिवलीत लहान मुलांचे कपडे शिवून घेते. आमच्या कटिंगच्या टेबलावर रिबचे रोल रोज उलगडतात. रोल हातात आला की मी दोन गोष्टी बघते: ओढल्यावर ही रिब परत येते का आणि कापल्यावर तिची कड टिकते का. बाकीचं सगळं, रंग, वजन, भाव, त्यानंतर. हे दोन प्रश्न माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधून अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचं नशीब उघडलं. दुसऱ्या प्रश्नावरून पन्नास वर्षांनी त्याच मुलखात यंत्रं फुटली.

माझ्या आईच्या पिढीत स्वेटर विणणाऱ्या प्रत्येक बाईला रिब येत होती. एक सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत पुन्हा तेच, असं चार बोटं विणलं की स्वेटरची बॉर्डर तयार. नुसत्या सुलट टाक्यांचं कापड कडेला गुंडाळतं, कारण त्याची एक बाजू दुसरीवर ओढ घेते. सुलटाशेजारी उलट टाका आला की ती ओढ दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते आणि कापड सपाट राहतं. शिवाय सुलट टाक्यांच्या उभ्या रेघा पुढे येतात, उलट टाक्यांच्या रेघा त्यांच्या मागे सरकून लपतात. कापड पेटीच्या भात्यासारखं मिटतं. ओढलं की लपलेल्या रेघा बाहेर येतात, सोडलं की पुन्हा आत जातात. रबर नाही, लायक्रा नाही, तरी कापड अंगाला धरून राहतं. तेवढ्याच टाक्यांच्या साध्या कापडापेक्षा रिबचा पन्हा जवळपास निम्मा भरतो आणि जाडी दुप्पट होते. रिब महाग का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. तिला सूतच जास्त लागतं.

हातांना शेकडो वर्षं येत असलेली ही गोष्ट यंत्राला मात्र फार काळ जमली नाही. नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणायचं यंत्र केलं. राणी एलिझाबेथने त्याला पेटंट दिलं नाही. हाताने विणून पोट भरणाऱ्यांचं काय होईल, ही काळजी तिला होती, असं परंपरेने सांगतात. ली फ्रान्सला गेला, तिथे राजा चौथ्या हेन्रीचा आश्रय मिळाला, पण त्या राजाचा खून झाला आणि ली पॅरिसमध्ये हलाखीत मेला. त्याचं यंत्र भावाने इंग्लंडला परत आणलं. पुढे दीडशे वर्षांत ते इतकं पसरलं की नॉटिंगहॅम, लेस्टर आणि डर्बी या तीन परगण्यांतली गावंच्या गावं त्यावर जगू लागली. पण त्या यंत्रावर फक्त सुलट टाका निघायचा. पुरुष गुडघ्यापर्यंतच्या तुमानी घालायचे, म्हणजे खालची पोटरी सगळ्यांना दिसणार. साध्या विणीचा मोजा तिथे सैल पडून घसरायचा. घट्ट बसणारा रिबचा मोजा हवा तर हाताने विणलेलाच घ्यावा लागे.

लेस्टरला माझा भाचा असतो. त्याच्याकडे गेले तेव्हा मी हट्टाने नॉटिंगहॅमजवळच्या रडिंग्टन गावातलं विणकरांचं संग्रहालय पाहून आले. १८२९ सालचे कारखाने तिथे राखले आहेत. कारखाने म्हणजे अंगणाभोवतीच्या लांबट खोल्या. खिडक्या जवळजवळ भिंतभर, कारण बारीक टाक्यांना उजेड हवा. लोखंड आणि लाकडाची यंत्रं दाटीने मांडलेली, प्रत्येकासमोर विणकराला बसायला फळी. तिथल्या माणसाने आम्हाला एक ओळ विणून दाखवली. आडव्या सुयांच्या रांगेवर त्याने धागा टाकला. पायाने पावडी दाबली, तशा लोखंडी पट्ट्या खटखट करत एकामागोमाग एक खाली आल्या आणि दोन-दोन सुयांच्या मधे धाग्याला बाक पडत गेला. मग हातांनी जू पुढे ओढलं. सुयांच्या टोकाला आकड्यासारखी वळलेली दाढी असते, तिच्यात नवे फास गेले. वरून दांडी दाबून दाढ्या मिटल्या आणि जुने फास त्यांच्यावरून घसरून खाली पडले. अख्खी ओळ एका दमात विणून झाली. आवाज इतका की शेजारी उभ्या भाच्याचं बोलणं मला ऐकू येईना. अशी अनेक यंत्रं एका खोलीत दिवसभर चालत.

मी त्या सुयांकडे बराच वेळ पाहिलं. सगळ्या एका रांगेत, सगळ्यांची तोंडं एकीकडे. फास एकाच बाजूने निघणार हे उघड दिसत होतं. उलट टाका हवा असेल तर समोरून दुसरी सुई यायला हवी.

ती सुई आणली जेडेडाया स्ट्रट याने. १७२६ साली डर्बीशायरमधल्या साउथ नॉर्मंटनला जन्मलेला हा माणूस गाड्यांची चाकं करायचं काम शिकला होता आणि काकाकडून आलेली ब्लॅकवेलची शेती करत होता. विणकामाशी त्याचा संबंध आला तो बायकोच्या माहेरामुळे. एलिझाबेथ वूलॅटशी त्याचं लग्न १७५५ साली झालं. तिचा भाऊ विल्यम मोज्यांचा व्यापारी. रिबची जोडणी करता येईल ही मूळ कल्पना रोपर नावाच्या एकाची, पण त्याच्याकडून ती पुरी झाली नव्हती. मेहुण्याने ती स्ट्रटपुढे ठेवली. स्ट्रटने जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्याने लीचं यंत्र मोडलं नाही. त्याच्या पुढच्या अंगाला उभ्या सुयांची दुसरी चौकट बसवली. या सुया आडव्या सुयांच्या फटींतून वर येत, जे टाके उलट हवेत तेवढे धरून दुसऱ्या बाजूने ओढत. चौकट बाजूला सारली की जुनं यंत्र पूर्वीसारखंच साधं विणायला मोकळं. विणकराला नवं यंत्र घ्यायला नको. १७५८ आणि १७५९ साली याची पेटंटं निघाली आणि मोजा डर्बी रिब या नावाने बाजारात आला.

पैसा मात्र एलिझाबेथने उभा केला. लग्नापूर्वी ती लंडनमध्ये बेन्सन नावाच्या धर्मोपदेशकाच्या घरी कामाला होती. जुन्या मालकाकडे भांडवलासाठी शब्द टाकायला ती स्वतः गेली. मालाला गिऱ्हाईक शोधण्याचं कामही तिने तिथे केलं. धंद्याच्या इतिहासात अशा बाईचं नाव बहुधा तळटीपेत जातं. घरातल्या बाईने ओळखीपाळखीतून पैसे आणले आणि मग यंत्र हललं, हे आमच्या धंद्यात आजही घडताना मी पाहते, म्हणून तिचं नाव इथे मोठ्याने घ्यावंसं वाटतं.

रिबच्या मोज्यांवर स्ट्रट आणि त्याचा भागीदार सॅम्युएल नीड श्रीमंत झाले. रिचर्ड आर्कराइट पाण्यावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राला भांडवल शोधत नॉटिंगहॅमला होता, तेव्हा ते त्याला याच दोघांकडून मिळालं. १७७१ साली क्रॉमफर्डची गिरणी उभी राहिली. तिथलं सूत आधी मोजे विणणाऱ्यांकडेच जाई. पुढे याच घडणीच्या गिरण्या जगभर गेल्या आणि १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी स्थापन केली. गिरणगावाच्या वंशावळीत कुठेतरी वर रिबच्या मोज्यांचे पैसे आहेत.

आता कडेची गोष्ट. यंत्रावर मोजा पोटरीच्या आकारात, टाके वाढवत-घटवत विणला जाई. कडेला पक्की किनार येई आणि दोन किनारी जोडल्या की मोजा वर्षानुवर्षं टिके. याला वेळ लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मंदी आली, तशी काही व्यापाऱ्यांनी रुंद यंत्रांवर सपाट थान विणून घ्यायला सुरुवात केली. थानातून कात्रीने मोज्याचे तुकडे कापायचे आणि शिवायचे. विणलेलं कापड कापलं की कडेचे फास मोकळे होतात. त्यांना अडवायला काही नसेल तर एक फास सुटतो, मग त्याखालचा, आणि शिडीसारखी चीर खाली जाते. तो स्वस्त मोजा धुण्यात उसवायचा. बदनामी सगळ्याच विणकरांच्या मालाची होत होती आणि भाव पडले म्हणून मजुरीही पडत होती.

मार्च १८११ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आर्नल्ड गावात यंत्रं फुटायला लागली. या लोकांना लडाइट म्हणतात आणि यंत्राला घाबरणारे अडाणी असं त्यांचं चित्र अजून रंगवलं जातं. ते चित्र खोटं आहे. जी यंत्रं ते फोडत होते तसलीच यंत्रं चालवून ते स्वतः पोट भरत. कापीव माल काढणाऱ्या आणि मजुरी तोडणाऱ्या व्यापाऱ्यांची यंत्रं निवडून फोडली गेली. ठरलेला भाव देणाऱ्यांची तशीच राहिली. सरकारने १८१२ साली यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. कवी बायरनने उमरावांच्या सभागृहातलं आपलं पहिलं भाषण, २७ फेब्रुवारी १८१२ रोजी, या कायद्याच्या विरोधात केलं. कायदा तरीही झाला. मी रोज कात्रीने विणीचं कापड कापून पोट भरते. त्या विणकरांची बाजू मला पुरती पटते, कारण कड उघडी सोडलेला कपडा बाजारात जाऊ देणं ही फसवणूक आहे आणि ते हेच सांगत होते.

कापीव मालाला अब्रू आली ती फार पुढे, ओव्हरलॉक आल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कनेटिकटमधल्या मेरो कुटुंबाने ही यंत्रं बनवली. ओव्हरलॉक कड छाटतं आणि त्याच वेळी धाग्यांनी वेढून टाकतं, सुटू पाहणारा फास तिथेच अडकतो. त्याआधी लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने १८४० च्या दशकात झडपेची सुई काढली होती. दाढी दाबायची दांडी गेली आणि गोल यंत्रांवर झपाट्याने रिब निघू लागली. आजच्या रिबच्या यंत्रात एक संच उभ्या नळकांड्यावर, दुसरा वरच्या तबकडीवर असतो आणि दोन्हीकडच्या सुया एकमेकींच्या फटींतून चालतात. स्ट्रटची चौकटच ती, गोल झालेली.

आपल्याकडे होजिअरीची सुरुवात कोलकात्याच्या खिदिरपूरला १८९३ साली झाली. तिरुपूरला यंत्रं १९२० च्या दशकात पोचली आणि बनियनचं ते गाव वाढत वाढत देशाच्या विणीव कपड्यांची राजधानी झालं. माझी रिब तिथूनच येते. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली रंगाई केंद्रं बंद करायला सांगितली, कारण त्यांच्या पाण्याने नोय्याल नदी नासली होती. आदेश योग्य होता. त्या वर्षी आमच्याकडे रंगीत रिबचे हाल झाले. एका व्यापाऱ्याने अंगाचं कापड एका घाण्यातलं आणि रिब दुसऱ्या घाण्यातली असा माल आमच्या गळ्यात मारला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही निळे एक वाटले, उन्हात मात्र गळा वेगळा आणि अंग वेगळं. तेव्हापासून अंग आणि रिब एकाच घाण्यात रंगवलेली असल्याशिवाय मी ऑर्डर घेत नाही.

स्वतः कपडा शिवायला बसणाऱ्यांसाठी माझी रीत सांगते. दुकानात रिबवर १० सेंटीमीटरच्या दोन खुणा करा आणि आडवी ओढा. निदान १७-१८ पर्यंत जायला हवी. सोडल्यावर मिनिटभरात साडेदहाच्या आत आली तर गळ्याला चालेल. अकरावर थांबली तर वीण सैल आहे. लायक्रा कितीही असली तरी घेऊ नका. लायक्राचे पाच टक्के मोठ्यांच्या गळ्याला उपयोगी पडतात, पण विणीचं काम ते करणार नाहीत. गळ्याला एक-एकची बारीक रिब घ्या, म्हणजे एक रेघ पुढे, एक मागे. दोन-दोनची रिब जाड आणि ठसठशीत, ती कफाला आणि स्वेटशर्टच्या खालच्या पट्टीला. बाळाच्या कपड्याला नुसत्या सुती धाग्याची एक-एक. इंटरलॉकही दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, त्यामुळे पुष्कळ जण ते रिब म्हणून घेतात. पण त्यात रेघा एकमेकींच्या बरोबर पाठीला लागलेल्या असतात, मिटायला जागा नसते, म्हणून ते तितकं ताणत नाही. अंगाला छान, गळ्याला नको.

कड बघायची तर कापलेल्या दोन्ही टोकांना धागा ओढा. एक-एकची रिब एकाच टोकाने उसवते, यंत्रावर शेवटी विणलेल्या टोकाने. दुसऱ्या टोकाने ती सहसा दाद देत नाही. कपड्याची मोकळी राहणारी बाजू त्या न उसवणाऱ्या टोकाकडे घ्यावी. रोलमध्ये कापड ताणून गुंडाळलेलं असतं, त्यामुळे कापण्याआधी ते टेबलावर मोकळं पसरून एक रात्र राहू द्या. सुती असेल तर आधी धुऊन घ्या. मग पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा आखूड कापायची: लायक्राची असेल तर घेराच्या ८५ टक्के, नुसती सुती असेल तर ९०. पट्टी लावताना रिब ओढायची, गळा ओढायचा नाही, आणि ताण खांद्यांवर कमी, पुढच्या गोलाईवर जास्त द्यायचा.