कुटज, कुडा, कोडगपाला : एका वनस्पतीच्या नामांतराचा इतिहास

'मेघदूता'तील यक्ष आषाढाच्या मेघाचे स्वागत कुटजाच्या ताज्या फुलांनी करतो. वैद्यकग्रंथांत मात्र कुटज येतो तो सालीसाठी आणि 'इंद्रयव' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बियांसाठी. अतिसार, रक्तस्राव आणि मूळव्याध यांवर त्यांची योजना सांगितली आहे. एकाच रानझाडाचे फूल काव्याने घेतले आणि साल वैद्यकाने. हजारीप्रसाद द्विवेदी यांनी 'कुटज' या हिंदी निबंधात या नावाच्या व्युत्पत्तीचा शोध घेतला आणि शब्द मुळात आर्येतर असण्याची शक्यताही विचारात घेतली. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न त्यापुढचा आहे: हे नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना त्याबरोबर झाडही गेले काय?

हा प्रश्न निव्वळ भाषिक नाही, कारण सह्याद्रीच्या रानात कुडे दोन आहेत. दोघांनाही पांढरी फुले, चीक आणि जोडशेंगा असतात. मराठीत त्यांना पांढरा कुडा आणि काळा कुडा म्हणतात. पहिल्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव, दुसऱ्याच्या गोडे इंद्रजव. औषधी गुण मुख्यतः कडू कुड्यात आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानातही पुरुष आणि स्त्री असे कुटजाचे दोन भेद फळे, फुले आणि पाने यांवरून सांगितले आहेत. लोकभाषेने मात्र अधिक सोपी कसोटी स्वीकारली, ती जिभेची.

१५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या पोर्तुगीज संवादग्रंथात अतिसारावरील एका मलबारी औषधीवर स्वतंत्र संवाद आहे. ती औषधी म्हणजे कुडाच, असे अभ्यासक मानतात. पुढे कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने सिद्ध केलेल्या 'हॉर्टस मलाबारिकस' या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. पहिल्याच खंडात 'कोडगपाला' हे मल्याळम नाव येते. त्याच खंडात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्या प्रमाणपत्राबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. म्हणजे येथवर ज्ञानाला साक्षीदार होते, आणि त्या साक्षीदारांना भाषा आणि लिपी होती.

यानंतर साक्षीदार गळाले आणि नाव तेवढे उरले. लिनिअसने १७५३ मध्ये श्रीलंकेतील एका वनस्पतीला 'अतिसारहारक' या अर्थाचे लॅटिन विशेषण दिले आणि दाखला कोडगपालाचा जोडला. श्रीलंकेतील ती वनस्पती काळ्या कुड्याच्या कुळीची, रायटिया. गुण एका झाडाचा आणि नाव दुसऱ्याचे, असा हा विपर्यास. आजच्या वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते विशेषण रायटियाकडेच राहिले असून खऱ्या कुड्याचे मान्य नाव 'होलऱ्हीना प्युबेसन्स' असे आहे. तरीही औषधी ग्रंथांत 'अँटिडिसेंटेरिका' हे जुने विशेषण अद्याप आढळते. विपर्यास कागदापुरता राहिला नाही. युरोपच्या बाजारात 'कोनेसी' या नावाने गेलेल्या सालीची ख्याती ओसरली. तीत काळ्या कुड्याची निर्गुण साल मिसळली जात असे, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. औषध लागू पडले नाही, तेव्हा दोष झाडाकडे गेला. तो अनुवादाचा होता.

१८५८ मध्ये मुंबईत हेन्स याने या सालीतून कोनेसीन हे अल्कलॉइड वेगळे केले. कडूपणाचे रासायनिक अधिष्ठान अशा अल्कलॉइडांत असते. प्रयोगशाळेने अखेर ज्या खुणेकडे बोट दाखवले, ती 'कडू इंद्रजव' या साध्या जोडशब्दात आधीच नोंदलेली होती.

तौलनिक अभ्यासात आपण शब्दांच्या प्रवासाचे नकाशे काढतो. कुड्याचा इतिहास असे सुचवतो की, शब्द सुखरूप पोहोचला तरी त्याबरोबरचे विशेषण वाटेत हरवू शकते. आणि कधीकधी सारे ज्ञान त्या विशेषणातच असते.