आधी पाणी, मग नांगर

लढायांच्या तारखा शाळेत आपल्याकडून पाठ करून घेतल्या जातात, पाण्याच्या नाहीत. मला मात्र अशी एक तारीख आठवते : २३ जुलै १८४७. अमेरिकेतल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात त्या दिवशी काही थकल्याभागल्या माणसांनी नांगर धरला. जमीन इतकी टणक, की फाळ आत शिरेना. मग त्यांनी जवळच्या सिटी क्रीक या ओढ्याला बांध घातला, पाणी वळवून जमीन भिजवली आणि मगच ती नांगरली.

ही माणसे मॉर्मन पंथाची. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. जिथे वस्ती करावी तिथे शेजाऱ्यांशी वैर उभे राही. १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांना ठार मारले. १८४६ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, अनुयायांनी नौवू शहर सोडून मिसिसिपी ओलांडायला सुरुवात केली. पुढल्या वर्षी ब्रिगहॅम यंग यांच्याबरोबर पहिली तुकडी निघाली : १४३ पुरुष, ३ स्त्रिया आणि २ मुले. इतर गोऱ्या वसाहतवाल्यांना नको असलेली जागाच त्यांना हवी होती.

मागून येणाऱ्यांचे हाल काय सांगावेत! बैलगाड्या परवडत नाहीत म्हणून १८५६ ते १८६० या काळात सुमारे तीन हजार माणसे हातगाड्या ओढत आली. १८५६ मध्ये उशिरा निघालेल्या दोन तुकड्या वायोमिंगच्या बर्फात अडकल्या आणि दोनशेहून अधिक माणसे वाटेतच गेली.

या वाळवंटात एकट्याची शेती शक्यच नव्हती. पाट सर्वांनी मिळून खणायचे, श्रमाप्रमाणे पाण्यात वाटा आणि ठरलेल्या पाळीने भिजवण. ओढ्याचे पाणी कुणा एकाच्या मालकीचे नाही, हे तत्त्व यंग यांनी आरंभीच सांगितले. १८५२ च्या कायद्याने पाण्यावरची देखरेख स्थानिक न्यायालयांकडे गेली. एका पिढीत शेकडो गावे उभी राहिली.

इथवर वाचले की मन भरून येते. पण मी पुढचे पान उलटतो आणि अडखळतो. ज्याला ‘ओसाड’ म्हटले, ते ओसाड नव्हते. यूट, शोशोनी, गोशूट लोक तिथल्या गवताच्या बियांवर, कंदमुळांवर, मासळीवर आणि शिकारीवर जगत होते. पाण्याच्या जागा शेतांनी घेतल्या, कुरणे गुरांनी खाल्ली. उपासमार आणि चकमकी वाढत गेल्या. २९ जानेवारी १८६३ रोजी बेअर नदीकाठी अमेरिकी सैन्याने शेकडो शोशोनींची कत्तल केली. त्यांत बायका-मुलेही होती. स्वतः हाकलले गेलेले लोकच नकळत दुसऱ्यांना हाकलत होते, पुष्कळदा कळूनसवरूनही.

आज यूटा राज्यात २४ जुलैला, यंग खोऱ्यात पोहोचले त्या दिवसाची, सुटी असते. त्याच सॉल्ट लेकची पातळी २०२२ मध्ये नोंदीतल्या नीचांकावर आली. अवर्षण हे कारण होतेच. पण सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी वाटेतच, मुख्यतः शेतीसाठी, वळवले जाते, हेही होते. त्या पहिल्या बांधाचे कौतुक मला आजही आहे. मात्र बांध घालताना खालच्या अंगाला कोण आहे, हे विचारायला हवे होते. ते आजही विचारायला हवे.