झाकिर हुसेन यांची परसबाग

झाडाच्या बुंध्याशी पाणी थांबावं म्हणून जो खोलगट गोल करतात, त्याला आळं म्हणतात. आमच्या जुन्नर तालुक्यात आळे नावाचं गावच आहे, ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी असलेलं. तरीही वर्गात विचारलं, "आळं म्हणजे काय?" तर मोजून चार हात वर आले. बाकीच्यांना आळेफाटा ठाऊक होता.

या पट्ट्यात भाजीचा तुटवडा नाही. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा गाड्या भरून मुंबईकडे जातो. आणि त्याच गाडीवाल्याचं पोरगं मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं पुडकं फोडतं. शाळेत परसबाग करायची ठरली तेव्हा आम्ही शिक्षक कुरकुरलो, हे कबूल करतो. आणखी एक रजिस्टर! केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांतल्या पोषण परसबागांसाठी सूचना काढल्या होत्या, त्यामुळे कल्पना नवी वाटली. नवी नव्हती. बी.एड.ला मी ती टीप म्हणून पाठ केली होती : वर्धा शिक्षण योजना, १९३७.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार तिथे मांडला गेला आणि अभ्यासक्रम आखायला समिती नेमली. अध्यक्ष झाकिर हुसेन, दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे प्रमुख, वय अवघं ४०. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, कुमारप्पा होते आणि ख्वाजा गुलामुस्सैयदैनही होते. डिसेंबरात अहवाल तयार झाला. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि मध्यभागी एक हस्तोद्योग. सूतकताई सगळ्यांना आठवते, कारण परीक्षेत तीच विचारतात. पण शेती आणि भाजीपाला, फळबाग हेही त्या उद्योगांत होते.

पुढे सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाने ते करून दाखवलं. संघाचे अध्यक्ष झाकिर हुसेन, प्रत्यक्ष काम आर्यनायकम आणि आशादेवींचं. मुलं वाफे करायची, भाजी पिकवायची, आणि पाळीपाळीने सामुदायिक स्वयंपाकघरात उभी राहायची. डाळ किती, भाजी किती, खर्च किती, याचा हिशेब हेच गणित. शरीराला काय लागतं हेच विज्ञान. मुलगे भांडी घासत होते आणि वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत होती. त्या काळी गावात याचा अर्थ काय होता, ते सांगायला नको.

झाकिरसाहेबांचं म्हणणं मला शिक्षक म्हणून फार पटतं. नुसतं राबणं म्हणजे शिक्षण नव्हे. आधी हेतू, मग आखणी, मग काम आणि शेवटी आपल्याच कामाची निर्दय तपासणी. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कुंड्या मांडून फोटो काढणं यात कुठे बसतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता जरा दुखरी गोष्ट. या योजनेला सगळ्यांत कडवा विरोध झाला तो आपल्या समाजातून. मुस्लिम लीगने ती हिंदूंची योजना ठरवली. त्याच सुमारास नागपूरच्या मध्य प्रांत सरकारने 'विद्यामंदिर' योजना आणली. त्या 'मंदिर' शब्दाने मुसलमान बिथरले आणि दोन्ही योजना लोकांच्या मनात एकच झाल्या. नावाबद्दलची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण जो अभ्यासक्रम एका मुसलमान शिक्षकाने अध्यक्षस्थानी बसून आखला, तोही त्या गदारोळात परका ठरला. आजही आम्ही उर्दूच्या तासाला त्यांची 'अब्बू ख़ाँ की बकरी' शिकवतो, पुढे ते राष्ट्रपती झाले हे सांगतो, गुलाबांचे शौकीन होते हेही सांगतो. वर्ध्याचा उल्लेख होत नाही.

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा हळूहळू विझल्या. शाळेत अन्न परत आलं ते वेगळ्या वाटेने : १९९५ ची पोषण आहार योजना, तेव्हा महिन्याचे तांदूळ घरी न्यायचे, मग शिजवलेलं अन्न द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा आदेश. मुलं ताट घेऊन बसू लागली, पण चुलीपासून आणि मातीपासून लांबच राहिली. मधल्या काळात मातीचं काम बायांनी सांभाळलं. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घराभोवती गावरान वाण जपले, बचत गटांतून बी वाटलं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ताटात काय असावं हा वाद मात्र मिटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले. ज्यांच्या घरी अंडं रोज शिजतं, त्यांना फरक पडला नाही.

आमच्या वाफ्यात पहिल्या वर्षी मेथी जळाली, पालक शेळीने खाल्ला (अब्बू ख़ाँची आठवण झालीच), दुधी तेवढा आला. एक मुलगी म्हणाली, "सर, हमारे घर में दुधी कोई नहीं खाता." मी विचारलं, "दालचा खाते हो?" तोंड भरून हो म्हणाली. मग तिला सांगितलं, अम्मीला विचारून ये, दालच्यात काय काय पडतं. दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणलं : चण्याची डाळ, चिंच, गोश्त. आणि खाली, वेगळ्या शाईने, दुधी.