विसराळू दुष्यंताची कुळकथा

जुलै २०२५ मध्ये बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या राहत्या घरी ज्यांचं निधन झालं, त्या बी. सरोजादेवी १९६६ च्या तेलुगू ‘शकुंतला’मध्ये नायिका होत्या. दुष्यंत होते एन. टी. रामाराव. नायकाला काहीच आठवत नाही, प्रेक्षकाला मात्र सगळं ठाऊक असतं. प्रेमकथेतली ही युक्ती सिनेमाहून फार जुनी आहे.

महाभारतातला दुष्यंत विसरतच नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा सारं आठवत असूनही तो तिला झिडकारतो आणि आकाशवाणी झाल्यावरच कबूल होतो. कालिदासाने आपल्या ‘शाकुंतल’ नाटकात विसर पाडणारा दुर्वासाचा शाप आणि आठवण परत आणणारी खुणेची अंगठी आणली. खोटारडा राजा त्यामुळे अभागी ठरला आणि त्याच्यावरच्या रागात कीव मिसळली.

खरं कसब दुसऱ्या अंकाच्या शेवटी आहे. विदूषकाला राजधानीला धाडताना राजा त्याला सांगतो, की शकुंतलेबद्दल बोललो ती सगळी थट्टा होती, मनावर घेऊ नकोस. तो भाबडा ते खरं मानतो, आणि पुढे राजाला आठवण करून देणारा एकुलता एक मित्रही हातचा जातो. सहाव्या अंकात हरवलेली अंगठी माशाच्या पोटात सापडते. शिपाई कोळ्याला चोर म्हणून बांधून आणतात आणि राजाचं बक्षीस मिळताच त्याच्याच बरोबर गुत्त्याची वाट धरतात. विरहाच्या ऐन भरात हसू पेरायची रीत इथेही दिसते.

मराठीत ही गोष्ट गाती केली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चारच अंक झाले. शाप चौथ्या अंकात आहे, विस्मरणाचा दरबार पाचव्यात. राजा काय विसरणार आहे हे मनात घेऊनच त्या दिवशीचे प्रेक्षक घरी गेले.

२००४ च्या ‘फिफ्टी फर्स्ट डेट्स’ या इंग्रजी सिनेमात विसरते ती नायिका. अपघातानंतर तिला आदल्या दिवसाचं काही आठवत नाही, म्हणून नायक रोज नव्याने तिचं मन जिंकतो. अंगठीचं काम तिथे व्हिडिओ कॅसेट करते.

या कथा जुन्या होत नाहीत, कारण पात्रांनी हरवलेली आठवण त्या आपल्याकडे सांभाळायला देतात. असा पुढचा सिनेमा पाहण्याआधी ‘शाकुंतला’चा दुसरा अंक जरूर वाचा.