प्रामाणिक : मापातला शब्द

किराणा दुकानाच्या दारावर पाटी लागते, ‘होतकरू व प्रामाणिक मुलगा पाहिजे.’ आत तराजू आणि सरकारी शिक्क्याची वजनं. पाटीवरचा शब्द आणि आतली वजनं एकाच कुळातली, हे सहसा ध्यानात येत नाही.

‘प्रामाणिक’ आला ‘प्रमाण’वरून, आणि ‘प्रमाण’च्या मुळाशी संस्कृत धातू आहे ‘मा’ म्हणजे मोजणे. मात्रा, परिमाण, अनुमान, उपमा ही त्याचीच भावंडं. इडलीच्या पिठातलं डाळ-तांदळाचं प्रमाण ते हेच. पण ज्ञानही पारखून घ्यावं लागतं. न्यायदर्शनाने त्यासाठी चार प्रमाणं सांगितली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला ‘शब्द’ कोणाचाही चालत नाही, तो ‘आप्ता’चा लागतो. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन म्हणतो की, स्वतः नीट जाणलेलं जसंच्या तसं सांगू पाहणारा तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. आपण मात्र आप्तांना लग्नपत्रिकेत आणून बसवलं!

संस्कृतात ‘प्रामाणिक’ म्हणजे प्रमाणाला धरून असलेलं. हिंदीत आजही ग्रंथ प्रामाणिक असतो, माणूस ईमानदार. मराठीने हे विशेषण ग्रंथावरून काढून माणसाला लावलं. गुजराती आणि कन्नडमध्येही प्रामाणिक असतो तो माणूसच.

‘इमान’ही आपल्याकडे आहेच. ते फारसीच्या वाटेने आलं, मूळ अरबी. तिथे अर्थ श्रद्धा. विश्वासाने सोपवलेली ठेव ती ‘अमानत’, ती याच धातूची. मराठी जिभेवर अक्षरांची अदलाबदल होऊन तिची ‘अनामत’ झाली. ‘इनाम’ मात्र दिसायला सारखं असलं तरी वेगळ्या धातूचं. इमान आणि इनाम यांचं नातं नाही, हे भाषेनेच सांगून ठेवलं म्हणायचं.

आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण त्यांचा ओढा निराळा. इमान कुणाशी तरी असतं : धन्याशी, मित्राशी, खाल्ल्या मिठाशी. प्रामाणिकपणाला समोर माणूस लागत नाही, माप लागतं. म्हणून मालकासाठी खोटी बिलं करणारा कारकून पक्का इमानी असू शकतो, प्रामाणिक नव्हे.

पाटी लावणाऱ्या शेटजींना बहुधा इमानी मुलगाच हवा असतो, गल्ल्याला हात न लावणारा. तो मिळतोही. मग एखाद्या दिवशी भरल्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर तो म्हणतो, “शेठ, या वजनात पन्नास ग्रॅम कमी भरतंय.” पाटीवर आपण नेमकं काय लिहिलं होतं, हे शेटजींना त्या दिवशी कळतं.